दाराच्या भिंतीचा रंग

दिवाळी अंकासाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी शिडीवर होतो. आमच्या धंद्याची गंमत अशी की ज्या दिवाळीसाठी आम्ही दोन महिने राबतो, ती आमच्या वाट्याला झोपेच्या रूपात येते. लोक फराळाचं ताट पुढ्यात घेऊन अंक चाळतात तेव्हा रंगारी आडवा झालेला असतो. तेव्हा हे लिखाण माझ्या धंद्यातलं कुणी वाचेल, अशी फारशी आशा नाही. बाहेरच्यांसाठीच लिहितो.

मी रंगकामाचा ठेकेदार. राहतो सांगलीत, कामं सांगली आणि सातारा दोन्ही जिल्ह्यांत घेतो. सुरुवातीची तीन वर्षं कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये यंत्रांना फवाऱ्यानं रंग दिला, मग घरांकडे वळलो. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली.

लोकांना वाटतं, रंगारी म्हणजे ब्रश. ब्रश शेवटच्या चार दिवसांचा. त्याआधी जुना रंग खरवडणं, ओल शोधणं, पुट्टी भरणं, पॉलिश पेपरनं घासणं, परत घासणं, प्रायमर. त्याहीआधी मोजणं. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट, म्हणजे भिंती चारशे चाळीस चौरस फूट. त्यातून दार एकवीस आणि खिडकी बारा वजा. राहिले चारशे सात. बरेच जण दार-खिडकी वजा करत नाहीत. मी करतो. 'अंदाजे' हा शब्द मी कामावर वापरत नाही आणि माझ्या माणसांनाही वापरू देत नाही. यावरून ते मला पाठीमागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

गिऱ्हाइकाचा ठरलेला प्रश्न असतो, "पेंटर, ह्या दोनातला कुठला?" शेडकार्डावरच्या दोन चौकोनांवर दोन बोटं ठेवून विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. कार्डावर बघू नका, दुकानात तर बघूच नका, आणि मोबाइलवर बघायचं असेल तर माझ्याऐवजी मोबाइललाच काम द्या. रंग डब्यात नसतो, खोलीत असतो. मेढ्याच्या एका गृहस्थानं मुंबईत बसून फोनवर राखाडी पसंत केला होता. मेढ्यात पावसाळ्याचे चार महिने उजेड ढगातून गाळून येतो. त्या उजेडात तो राखाडी असा दिसला की त्याच्या आईनं मला विचारलं, "भिंतीला शेवाळ धरलंय का वं?" म्हणून मी दोन्ही रंगांचे तीन बाय तीन फुटांचे चौकोन भिंतीवर मारतो आणि सांगतो, सकाळी बघा, दुपारी बघा, ट्यूब लावून बघा. मग बोला.

बहुतेक जण तेवढ्यानं शहाणे होतात. काही होत नाहीत. वाईला दोन भावांचा एकच हॉल होता. थोरल्याला पिवळा हवा, धाकट्याला मोरपंखी. तीन दिवस चौकोन बघून झाले, दोघंही हटेनात. शेवटी थोरला म्हणाला, "मधून दोरी मारा." मी ओळंबा सोडला, खडूची दोरी ताणली आणि अठरा फूट आठ इंचांच्या भिंतीवर बरोबर नऊ फूट चार इंचांवर रेघ पाडली. एका बाजूला पिवळा, दुसऱ्या बाजूला मोरपंखी. टीव्ही नेमका रेघेवर. काम संपल्यावर दोघांनी टेप लावून परत मोजलं. रेघ बरोबर निघाली. मला तेव्हा त्या बरोबर रेघेचा अभिमान वाटला होता.

माझा आणखी एक नियम होता. जो माणूस त्या खोलीत झोपतो, रंगाचा कौल त्याचा. हा नियम मी एकदा मोडला. मोडताना मी एकही खोटं वाक्य बोललो नाही.

सदाशिव माने हे कुपवाडच्या त्याच वर्कशॉपमध्ये टर्नर होते, जिथं मी सुरुवातीला फवारा मारत होतो. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. लेथवर कापलेला तुकडा हातात घेऊन, व्हर्नियर लावायच्या आधी ते माप सांगायचे आणि ते बरोबर निघायचं. माझ्या फवाऱ्याखाली आलेला त्यांचा एकही जॉब कधी परत गेल्याचं मला आठवत नाही. माझ्यातला मोजण्याचा रोग तिथून आला असावा.

दोन वर्षांमागे त्यांच्या मुलीचा, सुजाताचा, फोन आला. त्यांचं कुपवाडचं घर रंगवायचं होतं. सुजाता एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला आहे. तिला म्हसवडहून स्थळ आलं होतं, फोटो पसंत पडले होते आणि मंडळी पुढच्या रविवारी घरी येणार होती. हातात बारा दिवस होते. सुजाताचा भाऊ विक्रम फौजेत हवालदार, तेव्हा उत्तरेकडे कुठंतरी होता. त्यानं फोटो पाठवला होता: सगळं घर एका रंगाचं, दारं आणि चौकटीसुद्धा त्याच रंगाच्या. कंपनीनं त्या शेडला काहीतरी लांबलचक नाव दिलंय. आम्ही त्याला साय म्हणतो, कारण तो दुधावरच्या सायीसारखा आहे.

मामांची खोली मागच्या अंगाला. दहा बाय बारा, पूर्वेला एकच खिडकी, खिडकीखाली खाट आणि खाटेच्या बरोबर समोर, बारा फुटांवर, दाराची भिंत. जुना रंग पिस्ता, चौकट गडद तपकिरी. मामा खाटेवर बसून होते. अंगानं उतरले होते. सुजातानं सांगितलं होतं की साखरेमुळं त्यांना जरा अंधूक दिसतं, म्हणून बाहेर फारसे पडत नाहीत.

मी मापं घेत होतो तेव्हा मामा म्हणाले, "ह्या दाराच्या भिंतीला गडद निळा पाहिजे. दार पांढरं."

मामी दारातच उभ्या होत्या. "आवं, निळा? खोलीची बखार करायची हाय का?"

"एकाच भिंतीला म्हणतोय मी."

"एकाच म्हणं! येणारी मानसं काय म्हणत्याल? घरभर उजेड आन् म्हाताऱ्याला कोंडलंय अंधारात."

सुजाता हसत म्हणाली, "बाबा, गुहा वाटेल हो ती. हवं तर तुमच्यासाठी एक वाघ आणून बांधू."

"वाघ हाय की बसलेला," मामी म्हणाल्या, "सकाळपासनं च्यासाठी गुरगुरतोय."

मामाही हसले. पण निळ्यावरून हटले नाहीत. मग मी माझी पद्धत काढली. भिंतीला प्रायमर झाल्यावर, चौकटीला पांढरं अस्तर दिल्यावर, दाराच्या डाव्या अंगाला सायीचा चौकोन मारला आणि उजव्या अंगाला निळ्याचा. दिवसभर बघा म्हणालो.

दुपारी मामी दळण आणायला गेल्या, सुजाता लॅबमध्ये होती, माझी माणसं पुढच्या खोलीत जेवत होती. मामांनी हाक मारली.

"हिकडं ये. दार लाव."

मी लावलं.

"आता दारापाशीच हुबा ऱ्हा. डाव्या अंगाची चौकट कुठं संपती ते मला दिसत न्हाई. उजव्या अंगाची दिसती. ही बघ." त्यांनी खाटेवरून बोट केलं. बारा फुटांवरून, बरोबर चौकटीच्या कडेवर.

मला समजायला वेळ लागला. मग त्यांनीच सांगितलं. उजवा डोळा पार गेला होता. डाव्यात फक्त उजेड आणि अंधार उरला होता. माणूस दिसायचा नाही, माणसाच्या जागी डाग दिसायचा. पिस्ता भिंतीवर तपकिरी चौकट म्हणजे एक काळी कमान, तिच्याकडं बघत ते दारापर्यंत जात होते, दारातून मोरीपर्यंत भिंत धरून. दोन दिवसांमागं आम्ही ती कमान खरवडून टाकली होती.

"दोन दिस मी मामीला हाका मारतोय," ते म्हणाले. "ती म्हणती, सारखं काय वं, हाताखाली मानूस लागतंय?"

"त्यांना माहीत नाही?"

"अंधूक दिसतंय एवढं ठावं हाय. एवढं झालंय ते न्हाई."

"मग सांगा की, मामा."

"सांगतो की. पोरीचं जमू दे. बापाचं डोळं गेलं म्हणल्यावर मानसं पहिलं काय इचारत्यात? घराण्यात हाय का, असं इचारत्यात. डॉक्टर म्हणतोय साखरेनं गेलं, पर ते ऐकून कोण घेतंय? एक रविवार निभला की झालं. मी उठून दारातनं भाईर येतो, राम राम घालतो, खुर्चीत बसतो. खुर्ची दाराला लागूनच ठेवाय सांगितलीया. एवढंच करायचं हाय मला. निळा असला की जमतंय."

शेवटी ते म्हणाले, "कुणापाशी बोलू नको गड्या. तुला आन हाय."

मी कबूल केलं. मला ते सोपं वाटलं होतं, कारण निळा मारायचा आणि गप्प बसायचं, एवढंच होतं.

संध्याकाळी सुजाता आली, ट्यूब लावली आणि विक्रमला व्हिडिओ कॉल लावला. खोलीत चौघं: मामा खाटेवर, मामी, सुजाता आणि मी. सुजातानं फोन आधी एका चौकोनासमोर धरला, मग दुसऱ्यासमोर.

"निळा नको," विक्रम म्हणाला. "बॅरेक वाटतंय. बाबा, तुमाला निळाच का?"

"आवडतोय," मामा म्हणाले.

"आता ह्या वयात?" मामी म्हणाल्या.

विक्रम म्हणाला, "हे बघा, आपण कशाला वाद घालायचा? तिथं जाणता मानूस हुबा हाय. पेंटर, तुमी सांगा. तुमचा शब्द फायनल. तुमी म्हणशीला ते."

सुजातानं फोन माझ्याकडं वळवला. मामांनी तोंड माझ्या दिशेला केलं.

त्या क्षणाचा मी पुष्कळ विचार केला आहे. 'निळा' म्हणालो असतो तर 'का' असं विचारतील, असं माझ्या मनात आलं. खरं कारण सांगायची बंदी होती. मग खोटं कारण द्यावं लागेल. निळ्यानं खोली मोठी दिसते? दिसत नाही. उजेड वाढतो? वाढत नाही. इतक्या वर्षांत मी गिऱ्हाइकाला रंगाबद्दल चुकीची गोष्ट सांगितलेली नव्हती, आणि चारचौघांसमोर, फौजेतल्या माणसाला, ती कशी सांगायची हे मला सुचेना. म्हणून मला जे येतं ते मी बोललो. कार्डाच्या मागं प्रत्येक शेडपुढं एक आकडा असतो, ती शेड किती उजेड परत फेकते त्याचा. सायीचा अठ्ठ्याहत्तर, निळ्याचा आठ. खिडकी एकच, बारा चौरस फुटांची. निळ्याला तीन हात लागतील, सायीला दोन. निळी भिंत पुढं आल्यासारखी वाटेल, खोली फूट-दीड फूट लहान दिसेल.

"म्हणजे साय," विक्रम म्हणाला.

"साय," मी म्हणालो.

मग मामा म्हणाले, "पेंटर म्हणतोय म्हंजी बरूबरच आसंल." वर्कशॉपमध्ये व्हर्नियरनं वेगळं माप दाखवलं तर ते ज्या आवाजात 'बरूबर आसंल' म्हणायचे, तोच आवाज होता. तसं दोनदाच झालं होतं. दोन्ही वेळा व्हर्नियर बिघडलेलं निघालं होतं.

मी अगदीच काही केलं नाही असं नाही. चौकट तरी गडद ठेवू, असं सुजाताला सुचवून बघितलं. ती म्हणाली, सगळ्या घरात एक आणि इथंच वेगळी चौकट कशी दिसेल? मग मी कुणाला न विचारता त्या एका चौकटीला कार्डावरची दोन घरं खालची, म्हणजे जरा गडद शेड दिली. माझ्या डोळ्यांना फरक स्वच्छ दिसत होता. माझ्या डोळ्यांना.

शुक्रवारी काम संपलं. खाट परत खिडकीखाली लावली, दार लोटून घेतलं आणि मामांसमोर उभा राहिलो.

"झालं?"

"झालं, मामा."

त्यांनी समोर बघितलं. डावीकडं बघितलं, परत समोर. "दार कुठं हाय रं?"

मी जाऊन दारावर टकटक केलं. "हे इथं."

"हां. आता आवाजावरनं कळलं." ते हसले. "रविवारी कुनी ठोकत बसायचं?"

मी म्हणालो, "सोमवारी येऊन चौकट काळी करून देतो. मग काय म्हणायचं ते म्हणू द्या घरच्यांना." लगेच का नाही, तर ऑइलपेंट वाळायला पुरती रात्र लागते, वासही राहतो, शनिवारी सकाळी मेढ्याचं काम सुरू करायचं होतं, तिथं चार माणसं आधीच पोचली होती. ही सगळी कारणंही खरीच होती.

"रविवारचीच तर गरज हाय," मामा म्हणाले. मग लगेच, "जा जा. तुझी मानसं खोळंबली असत्याल."

मी मेढ्याला गेलो.

त्या रविवारी काय झालं ते मला मामींनी नंतर सांगितलं. पाहुणे अकराला आले. मामा नवा शर्ट घालून, टोपी घालून खोलीत बसले होते. मंडळी बसली की सुजाता त्यांना बोलवायला जाणार, असं ठरलं होतं. पण दारात चपला वाजल्या, बोलणं ऐकू आलं, तसे मामांना बसवेना. पाहुणे दारात आले आणि घरधनी आतच बसून राहिला, हे त्यांच्या जन्मात कधी झालं नव्हतं. ते उठले. खोलीचं दार नीटनेटकं दिसावं म्हणून लोटलेलं होतं.

बाहेर पाणी झालं, ओळखी झाल्या. मुलाचे वडील म्हणाले, "माने दिसत न्हाईत?" मामी म्हणाल्या, "येत्यात की." पाच मिनिटं गेली. मुलाचे वडील साधे, मोकळे गृहस्थ. "आपणच भेटू आत जाऊन, त्यांना कशाला तरास," असं म्हणून ते उठले आणि मामी पुढं व्हायच्या आत त्यांनी दार उघडलं.

मामा उजव्या हाताच्या भिंतीपाशी होते. दाराकडं अर्धी पाठ. दोन्ही तळवे भिंतीला लावून ती चाचपत होते, वर, खाली, बाजूला. टोपी जमिनीवर पडली होती. दाराचा आवाज आला तसे ते ताठ झाले, हात जोडले आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "या, या. बसा. राम राम."

पाहुण्यांनी त्यांचे हात धरून खाटेवर बसवलं. पोहे खाल्ले, चहा घेतला, सुजाताशी चांगलं बोलले. आठ दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला की सध्या विचार नाही. मामींनी खोदून विचारलं तेव्हा मध्यस्थ म्हणाला, "डोळ्यांचं चाललं असतं वो. लपवलं ते लागलं त्यास्नी."

घरात बाकी कुणी लपवलंच नव्हतं. ज्यांनी लपवलं ते दोघं, एक मामा आणि एक मी.

सोमवारी मी गेलो नाही. मेढ्याचं काम एकोणीस दिवस चाललं. रविवार कसा झाला हे विचारायला फोन करायचा, असं रोज ठरवायचो. पुढं साताऱ्याचं काम आलं. सातव्या आठवड्यात मी कुपवाडला गेलो, चौकट काळी करायचा डबा घेऊन. मामींनी सगळं सांगितलं, रडल्या नाहीत. खाट आता उशाकडून दाराच्या भिंतीलाच लावली होती, उजव्या कोपऱ्यात, म्हणजे मधली मोकळी जमीन ओलांडायला नको. मामा झोपले होते.

निघताना सुजाता फाटकापर्यंत आली.

"काका, तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो."

"कधीपासून?"

"चौकोन मारले त्या दुपारपासून."

"म्हणजे संध्याकाळी दादाशी बोललात तेव्हा माहीत होतं."

"तुझ्या बाबांनी शपथ घातली होती. कारण सांगता येत नव्हतं मला."

"कारण कुणी विचारलं होतं?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "दादा काय म्हणाला होता? तुमी म्हणशीला ते. नुसतं निळा म्हणायचं होतं. एक शब्द. आम्ही कुरकुरलो असतो आणि मारला असता."

तिनं मांडलेला हिशेब मी दहा वेळा तपासून बघितला आहे. त्यात चूक नाही.

"तुमचे आकडे मात्र बरोबर होते हं," ती म्हणाली. "खोली मोठी दिसते." आणि फाटक लावून आत गेली.

पुढच्या रविवारी मी एकटाच गेलो. बरोबर माणसं घेतली नाहीत. मामींना म्हणालो, दाराची भिंत करून देतो. त्या म्हणाल्या, "आता कशाला?" पण आड आल्या नाहीत. सुजातानं खाटेचं एक टोक धरलं आणि आम्ही खाट वीतभर पुढं ओढली. मामांना बाहेर बसा म्हणालो तर ते हलले नाहीत. म्हणाले, "वास चांगला हाय."

दहा बाय दहा वजा एकवीस. एकोणऐंशी चौरस फूट. सकाळी सातला पहिला हात, अकराला दुसरा, तीनला तिसरा. दार आणि चौकट पांढरी शुभ्र केली. रोलर फिरत असताना मामा अधूनमधून बोलत होते.

"कितवा?"

"तिसरा."

"लेथवर बी तसंच. शेवटची कट बारीक घ्यायची. घाईचं काम न्हाई ते."

"हो, मामा."

"म्हसवडवाल्यांचा राग धरू नगंस. मानसं चांगली हुती. माझं हात धरलं त्यांनी."

साडेतीनला काम संपलं. मी मागं सरून बघितलं. निळी भिंत, तिच्यात पांढरं दार. दुपारच्या उजेडात मी आयुष्यात मारलेल्या भिंतींमधली ती एक चांगली भिंत होती. सुजाता येऊन दारात उभी राहिली. तिनं भिंतीकडं बघितलं नाही, वडिलांकडं बघत राहिली.

मी विचारायला नको होतं. पण विचारलं.

"मामा, दिसतंय का?"

"दिसतंय की रं," ते म्हणाले. "लख्ख दिसतंय." बोलताना त्यांचं तोंड खिडकीकडं होतं.

मग ते उठले. उठताना तोल गेला म्हणून असेल किंवा आता तशीच सवय लागली होती म्हणून असेल, त्यांनी उजवा तळवा भिंतीला टेकवला. मी ओरडणार होतो, ओला आहे म्हणून. सुजातानं मान हलवली. मामा भिंतीच्या कडेनं सरळ चालत गेले, दोन-तीन छोटी पावलं, तळवा न उचलता, कुठंही न अडखळता, चौकटीपर्यंत. तिथं बोटांनी कड चाचपली, उंबरा ओलांडला आणि बाहेरून मामींना हाक दिली, "अगं, पेंटरला च्या ठेव. दिसभर राबलाय."

"आवं, हात बघा की! निळाशार झालाय!" मामी फडकं घेऊन धावल्या.

भिंतीवर खाटेपासून दारापर्यंत पंजाएवढा पट्टा उमटला होता. तिसरा हात तेवढ्या पट्ट्यापुरता निघून आला होता, खालचा दुसरा दिसत होता. रंग ओला होता. रोलर माझ्या हातात होता. एकदाच फिरवला असता तर पट्टा कुठं होता ते मलाही सापडलं नसतं.

मी रोलर पाण्याच्या बादलीत टाकला.